इंग्रजीतील अश्वशब्दांची कुळकथा

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने रचलेल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकाचा अनुवाद काही वर्षांपूर्वी मी करीत होतो. त्या यात्रेत मठवासी साधू ‘पॉलफ्री’वर आरूढ झाला आहे, दर्यावर्दी ‘राउन्सी’वर जमेल तसा बसला आहे आणि गरीब नांगऱ्या ‘मेअर’वर, म्हणजे घोडीवर, चालला आहे. पहिल्या खर्ड्यात साधू आणि दर्यावर्दी या दोघांनाही मी सरळ ‘घोड्या’वर बसविले. अर्थ चुकला नव्हता. चॉसरने वाहनांतून दाखविलेली समाजाची उतरंड मात्र नाहीशी झाली होती. ही चूक उमगली तेव्हा इंग्रजीतील अश्वशब्दांच्या कुळाचा शोध घेणे मला भाग पडले.

जुन्या इंग्रजीत घोड्यासाठी ‘एओह’ असा एक शब्द होता. संस्कृत ‘अश्व’ आणि लॅटिन ‘इक्वुस’ यांच्याच कुळातला तो होय. तो काळाच्या ओघात लोपला व ‘हॉर्स’ उरला. लॅटिनचीही कथा निराळी नाही. लोकांच्या बोलीतील ‘कबाल्लुस’, म्हणजे सामान्य कामाचा घोडा, या शब्दाने ‘इक्वुस’ला मागे सारले आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांतील घोड्याची नावे त्याच्यापासूनच निघाली. आपल्याकडे ‘अश्व’ ग्रंथांत राहिला. अमरकोशात नोंदलेल्या ‘घोटका’चा ‘घोडा’ मात्र घरोघरी पोहोचला. पुढे इंग्रजीने पांडित्यासाठी लॅटिनमधून ‘इक्वेस्ट्रियन’ आणला, तसे आपण ‘अश्वारोहण’ म्हणतो. तिन्ही ठिकाणी राबणाऱ्या शब्दानेच अखेर बाजी मारली.

खोगिराचा ‘सॅडल’, लगामाचा ‘ब्रायडल’, घोडीचा ‘मेअर’ हे सारे अस्सल जुन्या इंग्रजीतले. रिकिबीचा ‘स्टिरप’ तर विशेष बोलका आहे : त्याचा मूळ अर्थ ‘चढण्याचा दोर’. धातूची रिकीब रूढ झाली, तरी दोराची स्मृती शब्दात शिल्लक राहिली. 1066 मध्ये हेस्टिंग्जच्या रणांगणावर इंग्रज पायी लढले आणि नॉर्मन घोडेस्वारांपुढे हरले. त्यानंतर तबेल्यातील कामाचे शब्द बहुधा इंग्रजीच राहिले. प्रतिष्ठेचे शब्द फ्रेंचमधून आले. सुखद चालीचा ‘पॉलफ्री’ मूळचा डाकेचा घोडा. युद्धाचा ‘डेस्ट्रिअर’ उजव्या हाताने धरून न्यावयाचा, म्हणून त्याचे नाव उजव्या हातावरून पडले, असे मानतात. ‘शिव्हलरी’ या शब्दाच्या मुळाशी तर तोच सामान्य ‘कबाल्लुस’ आहे. ज्या गुणांना आपण क्षात्रतेज म्हणू, त्यांचे नाव लॅटिन बोलीतील एका ओझ्याच्या घोड्यापासून यावे, हे भाषेचे कौतुकच म्हणावयाचे.

घोड्याभोवती वावरणाऱ्या माणसांचे भाग्य त्याहून विलक्षण. ‘मार्शल’ म्हणजे मूळचा घोड्यांचा नोकर, मोतद्दार. तो शब्द जर्मानिक भाषेतून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत येईतो सेनापतिपदाला पोहोचला. 1973 मध्ये सॅम माणेकशा यांना मिळालेल्या ‘फील्डमार्शल’ या पदातही तो मोतद्दार दडलेला आहे. ‘कॉन्स्टेबल’चा प्रवास उलट दिशेचा. तो रोमन सम्राटाच्या अश्वशाळेचा अधिपती. फ्रान्समध्ये तो सेनेचा प्रमुखही झाला. आज आपल्या पोलीसचौकीत तो कनिष्ठ शिपाई आहे. ‘हेंचमन’मधील ‘हेंगेस्ट’ म्हणजे घोडा. हेंगेस्ट आणि होर्सा ही सॅक्सनांच्या आख्यायिकेतील दोन पुढाऱ्यांची नावे. बीडने 731 मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात त्यांचा उल्लेख आहे. घोड्याची निगा राखणारा हा ‘हेंचमन’ आज कुणा दुष्टाचा हस्तक ठरला आहे. तिन्ही शब्दांतून घोडा दिसेनासा झाला. उरली ती माणसांची चढउतार.

लेखकांना झोंबावा असा शब्द ‘हॅकनी’ होय. साध्या स्वारीचा, पुढे भाड्याने मिळणारा हा घोडा. पैशासाठी वाटेल ते लिहिणारा तो ‘हॅक’, आणि वापरून झिजलेला वाक्प्रचार तो ‘हॅकनीड’. येथे अनुवादकाला फारसे धुंडाळावे लागत नाही. ‘भाड्याचे तट्टू’ हा आपला वाक्प्रचार याच अनुभवातून निपजला आहे. कोणी कोणाकडून घेतलेला नाही. भाड्याचे जनावर आणि भाड्याची निष्ठा दोन्ही समाजांनी पाहिली होती.

अखेर माझ्या अनुवादात साधूला रहवाल चालीचा घोडा मिळाला, दर्यावर्द्याला तट्टू आणि नांगऱ्याला त्याची घोडी. उतरंड परत आली. परंतु तरुण वाचकांसाठी ‘रहवाल’ या शब्दाला टीप द्यावी लागली. इंग्रज वाचकालाही ‘राउन्सी’ टिपेवाचून कळत नाही. घोडा रस्त्यावरून गेला, त्याबरोबर त्याच्या चालींची नावेही दोन्ही भाषांतून निघून चालली आहेत. जुन्या ग्रंथाचा अनुवादक त्यांतली एकदोन जरी पुन्हा वापरात आणू शकला, तरी त्याचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही.