एंडोफाइट म्हणजे काय? बियाण्यातली बुरशी रोप कसं वाढवते?

मुळशीत पावसाच्या तोंडावर भाताची रोपवाटिका टाकतात. बी नीट उगवलं नाही, तर लावणीला रोपं कमी पडतात आणि पुन्हा पेरायला वेळ उरत नाही. त्यामुळे बियाण्याच्या आत काय आहे, हे महत्त्वाचं ठरतं.

एंडोफाइट म्हणजे काय?

नव्या मोबाईलमध्ये काही अ‍ॅप्स आधीच टाकलेली असतात, तसंच काहीसं बियाण्याचं असतं. झाडाच्या आत राहूनही त्याला आजारी न पाडणाऱ्या बुरशींना आणि जिवाणूंना एंडोफाइट म्हणतात. फेस्क्यू आणि रायग्रास या चाऱ्याच्या गवतांत एपिक्लोई नावाची बुरशी आईझाडातून थेट बियाण्यात जाते. भात हेही गवताच्याच कुळातलं पीक. त्याच्या बियाण्यात आणि मुळांतही वेगवेगळ्या बुरशी राहतात.

त्या करतात काय?

- काही बुरशी ऑक्सिन, जिबरेलिन अशी वाढीची संप्रेरकं तयार करतात. त्यामुळे मुळं आणि कोंब जोमानं वाढतात.
- काही जमिनीतला स्फुरद मोकळा करून देतात.
- काही रोगकारक बुरशींची जागा आधीच अडवतात.

2011 मध्ये अमेरिकी संशोधकांनी समुद्रकाठच्या आणि गरम झऱ्यांजवळच्या गवतांतल्या बुरशी भातात सोडल्या. हरितगृहातल्या त्या भाताची वाढ चांगली झाली आणि पाणी 20 ते 30 टक्के कमी लागलं. भारतात राजस्थानच्या थर वाळवंटात सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशीही अनेक पिकांच्या मुळांत राहून वाढीला मदत करते.

मग बुरशी चांगलीच का?

नाही. भाताच्या एका रोगात रोपं शेजारच्या रोपांपेक्षा भराभर उंच होतात, पिवळी पडतात आणि बरीचशी मरतात. जपानीत याला ‘बाकाने’, म्हणजे ‘वेडं रोप’ म्हणतात. 1926 मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, की हे बुरशीनं सोडलेल्या पदार्थामुळे होतं. तोच पदार्थ पुढे जिबरेलिन म्हणून ओळखला गेला. नाशिकचे द्राक्षबागायतदार ‘जीए’ म्हणून वापरतात तो हाच! म्हणजे बियाण्यात कोणती बुरशी आहे आणि ती संप्रेरक किती सोडते, यावर सगळं ठरतं. म्हणून उंच रोप दिसलं की खूश होऊ नका, रंगही बघा.

घरचं बी वापरताना

1. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारं हलकं बी काढून टाका.
2. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा.
3. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र लावू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, औषधानं तीही मरू शकते.
4. ट्रायकोडर्माच्या पाकिटावरची मुदत तपासा आणि ते उन्हात ठेवू नका. आतला माल जिवंत असतो.