इंडेक्स कुणी करायचा?

मंडळी, या शनिवारी डेटाबेसचा थोडा इतिहास. पण सुरुवात नांदेड-लातूरच्या दप्तरांपासून करतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर मराठवाड्याच्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं... काही उर्दूत, काही मोडीत. ऑक्टोबरअखेर आकडा जाहीर झाला: चाळलेले कागद १ कोटी ७० लाखांहून जास्त, सापडलेल्या नोंदी ११,५३०. आपल्या भाषेत, फुल टेबल स्कॅन! आणि एकेका नोंदीवर कुणाचं तरी प्रमाणपत्र, पर्यायाने प्रवेश किंवा नोकरी अवलंबून.

मग कागद नीट लावलेले नव्हते का? होते की! महसुली दप्तर गाव आणि सालाप्रमाणे, शाळेचं रजिस्टर अनुक्रमांकाप्रमाणे. प्रायमरी की दिली की डेटाबेस आपणहून इंडेक्स करतो, अगदी तसंच. पण प्रश्न आला जातीच्या रकान्यावर, आणि त्याला इंडेक्स नव्हता. त्यात कीसुद्धा बदललेली: लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये, त्याआधी तो उस्मानाबादेत. उदगीर तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात!

एडगर कॉडने १९७० मध्येच म्हटलं होतं, की इंडेक्स असो-नसो, प्रश्न विचारणाऱ्याला त्याची फिकीर नसावी. पण इंडेक्स ठरवायचा कुणी? बरीच वर्षं ते डीबीएचं डोकं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सुरजित चौधरी आणि विवेक नरसय्या यांनी येणाऱ्या क्वेरी बघून इंडेक्स सुचवणारी पद्धत मांडली. ओरॅकल १९सी (२०१९) त्यापुढे गेलं: स्वतःच इंडेक्स करायचा, आधी लपवून तपासायचा, फायदा दिसला तर वापरायचा, बरेच दिवस पडून राहिला तर काढून टाकायचा. कारण प्रत्येक इंडेक्स दर इन्सर्टला थोडा वेळ खातो.

गंमत म्हणजे, हे सगळं शहाणपण विचारून झालेल्या प्रश्नांवर चालतं. पंचाहत्तर वर्षांनी एकदाच येणारा प्रश्न कुठल्याच लॉगमध्ये नसतो. पण इंडेक्स मागाहून करता येतो. रकाना मात्र तेव्हाच भरलेला असावा लागतो, आणि आज वाचता यावा लागतो. म्हणून मला वाटतं, जुन्या दप्तरांचे नुसते फोटो काढून भागणार नाही. मोडी-उर्दू वाचणारी माणसं बसवून एकेक रकाना टाइप करून घ्यायला हवा. पुढचा प्रश्न कोणता येईल, कुणी सांगावं!