मारियाकेर्कमधला मोजणारा माणूस

पाऊल जरा जपून टाका; या फरशीखाली माणसं पुरलेली आहेत. साल १६३६, ऐन उन्हाळा. हे उत्रेख्तचं मारियाकेर्क, अकराव्या शतकात पाया घातलेलं चर्च. गावात प्लेग आहे, आणि तरीही एक माणूस हार्लेमहून मुद्दाम इथे येऊन राहिलाय. तो बघा, खांबाच्या बुडाशी. पाठीला कुबड, पुढ्यात कागद. पीटर सानरेडाम, वय एकोणचाळीस.

त्याच्याशी बोलायला जाऊ नका, तो कामात आहे. हळूच मागून डोकवा. कागदावर बारीकशी खूण दिसते? ती त्याच्या डोळ्याची जागा. लांब जाणाऱ्या सगळ्या रेषा तिथेच मिळणार. शेजारी मापं टिपलेली, आणि तारीखसुद्धा. चित्रकारापेक्षा भूमापकच वाटतो हा!

आता मान वर करा. भिंती पांढऱ्या. पूर्वी अशा चर्चमध्ये संतांच्या मूर्ती, वेद्या, मेणबत्त्या यांची दाटी असे. १५६६ साली प्रोटेस्टंट जमावांनी या देशात ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या, आणि १५८० मध्ये या गावात कॅथलिक पूजेवरच बंदी आली. सानरेडामच्या वाट्याला आला तो चुना. पण त्या चुन्यावर ऊन कसं खेळतंय बघा: इथे गुलाबी, तिथे राखाडी, कमानीच्या पोटात पिवळसर. एका खांबावर बैल दिसेल. जमीन खांब गिळत राहिली, तेव्हा पायात बैलाची कातडी घातली म्हणे.

चित्राची मात्र घाई करू नका. हा हार्लेमला परतेल, चित्राच्या लाकडी फळीच्या मापाच्या कागदावर पट्टीने सगळं पुन्हा आखेल. मग त्या कागदाची मागची बाजू काळी करून, भरतकामाचा नमुना कापडावर उतरवतात तशा रेषा फळीवर गिरवेल. तेही सवडीने. या उन्हाळ्यात बाहेरचा चौक आणि चर्चचा दर्शनी भाग त्याने रेखाटला. त्यावरून केलेलं तैलचित्र १६६२ चं. म्हणजे सव्वीस वर्षांनंतरचं! आणि इतकं मोजूनमापूनही गृहस्थ चक्क थापा मारतो. फळीवर येईपर्यंत कुठे खांब उंचावतात, कुठे कमानी सडपातळ होतात, नको ते सामान गायब होतं. मला या थापा मान्य आहेत. मोजून मारलेली थाप ती. तिच्यामुळे जागा मोकळा श्वास घेते.

शांतता अंगावर यायला लागली, तर पंधरा-वीस वर्षं पुढे सरका आणि डेल्फ्टच्या चर्चमध्ये शिरा. एमानुएल दे विट्टेच्या चित्रांत प्रवचन चाललेलं असतं, थडगं खणून ठेवलेलं असतं, आणि एखादं कुत्रं खुशाल खांबाशी पाय वर करून उभं असतं. रविवारचं चर्च असंच असणार. पण पुढे आम्स्टरडॅमला गेल्यावर दे विट्टे वेगवेगळ्या चर्चचे तुकडे जोडून नवंच चर्च उभं करायचा. त्याच्या चित्राच्या भरवशावर इमारत शोधायला निघू नका.

मारियाकेर्क तर आता शोधूनही सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पाडलं. मागच्या अंगणाभोवतीच्या कमानींच्या ओवऱ्या तेवढ्या उरल्या. बाकीचं चर्च कसं होतं हे सांगायला मुख्य साक्षीदार सानरेडामच. त्याची बरीच रेखाचित्रं उत्रेख्तच्याच अभिलेखागारात आहेत. कधी गेलात तर आधी ती बघा, तैलचित्रं नंतर. आणि मापं घ्यायचीच असतील तर कागदावरून घ्या, फळीवरून नको.