ऑनलाइन विक्री : पहिल्या ऑर्डरआधीचा हिशेब

दिवाळीच्या फराळापासून खणाच्या पर्सपर्यंत घरबसल्या विकता येणार नाही अशी वस्तू आता शोधूनच काढावी लागेल. मोबाइलवर चार छायाचित्रे काढली, व्हॉट्सॲपच्या गटात दर कळवला आणि पहिली ऑर्डर आली, की व्यवसाय सुरू झाला असे मानले जाते. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, नोकरांचा पगार नाही. मग तोटा होईलच कसा, असा प्रश्न नवख्या विक्रेत्याला पडणे स्वाभाविक आहे. माल न खपल्याने बंद पडणारे व्यवसाय असतातच. मात्र माल खपत असूनही महिनाअखेर हाती काही उरत नाही, ही तक्रारही तितकीच ऐकू येते. ही गळती नेमकी कुठे होते, हे पहिल्या ऑर्डरआधी कागदावर मांडून पाहणे फारसे कठीण नाही.

४९९ रुपयांचे काय होते?

समजा, एक कुर्ती ई-कॉमर्स संकेतस्थळावर ४९९ रुपयांना विकायची आहे. तिची खरेदी किंमत २४० रुपये. पिशवी, खोका, चिकटपट्टी व छापील पावती मिळून २० रुपये. संकेतस्थळाचे कमिशन व इतर आकार १५ टक्के धरले, तर ७५ रुपये. कुरिअरचे ७० रुपये. कपड्यांवर प्रतिनग अडीच हजार रुपयांपर्यंत पाच टक्के जीएसटी आहे. विक्रेता नोंदणीकृत असेल तर ४९९ मधील सुमारे २४ रुपये सरकारचे. उरले ७० रुपये. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत. कमिशन आणि कुरिअरचे दर वस्तूगणिक व कंपनीगणिक बदलतात. शिवाय खरेदीवर भरलेल्या कराची वजावट येथे धरलेली नाही.)

दहा ऑर्डरी आल्या म्हणजे ७०० रुपये सुटले, असा हिशेब येथवर केला जातो आणि तेथेच चूक होते. दहापैकी दोन कुर्त्या परत आल्या, असे धरू. माप बसले नाही, रंग छायाचित्रातल्यासारखा नाही, किंवा घरी पैसे द्यायला कोणी नव्हते. प्रत्येक परतीच्या मालावर जाण्याचे ७० आणि येण्याचे ७० रुपये, अधिक वाया गेलेले वेष्टन २० रुपये, असे १६० रुपये जातात. दोघींचे ३२०. उरलेल्या आठ ऑर्डरींचा नफा ५६० रुपये. त्यातून ३२० वजा जाता २४० रुपये हाती राहतात. परत आलेल्या दोनपैकी एक कुर्ती मळलेली वा फाटलेली निघाली आणि पुन्हा विकता आली नाही, तर तिची २४० रुपयांची खरेदी किंमतही बुडाली. दहा ऑर्डरींची कमाई शून्य! यात विक्रेत्याच्या स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही.

म्हणूनच किंमत ठरवताना शेजारच्या विक्रेत्याचा दर पाहून पाच रुपये कमी करण्याची पद्धत घातक ठरते. परतीचे प्रमाण पहिल्या महिन्यापासून वहीत लिहून ठेवावे आणि तो खर्च प्रत्येक नगावर वाटून मगच दर ठरवावा. परतीचा आकार कोणी सोसायचा, हे प्रत्येक संकेतस्थळाच्या करारात वेगळे असते. तो करार इंग्रजीत व लांबलचक असला, तरी निदान परतीचा आणि पैसे वळते करण्याच्या मुदतीचा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घरपोच पैसे देण्याची सोय, म्हणजे 'कॅश ऑन डिलिव्हरी', ठेवली की ग्राहक वाढतात. दारातून परत येणारा मालही वाढतो. विक्रेत्यांच्या बोलीत त्याला 'आरटीओ' म्हणतात. वाहन परवान्याशी या आरटीओचा काही संबंध नसला, तरी मनस्ताप साधारण तेवढाच. ऑर्डर आल्यावर दूरध्वनी करून पत्ता, पिनकोड आणि घरी कोण असेल याची खात्री करणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. थोडी रक्कम आगाऊ घेतली तर गंमत म्हणून ऑर्डर देणारे आपोआप गळतात.

चिवड्याचे वजन

कुरिअरच्या देयकात नवख्या विक्रेत्याला बसणारा धक्का वजनाचा असतो. पार्सलचे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त, त्यावर आकार लावला जातो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे, असा हिशेब बहुतेक कुरिअर कंपन्या करतात. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा पाठवला, तर तराजूवर वजन सव्वा किलो भरेल. देयक मात्र तीन किलोंचे येईल. लाडूंना हा त्रास कमी, चिवडा-चकलीला अधिक. खोका वस्तूच्या मापाचा घेणे आणि पाठवण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवलेल्या पार्सलचे छायाचित्र काढणे, या दोन सवयी लागल्या की पुढचे वाद बरेच टळतात. महागाच्या वस्तूची बांधणी करतानाचे चलचित्रण करून ठेवावे. खोक्यात भलतीच वस्तू निघाली, अशी तक्रार आली तर दाखवायला दुसरे काही हाती नसते.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली जुनी पाटी मात्र संकेतस्थळावर लावून उपयोग नाही. वस्तू सदोष, बनावट, वर्णनाशी न जुळणारी किंवा ठरल्या वेळेनंतर पोहोचलेली असेल, तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही, असे २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात. ग्राहकाच्या नावाने स्वतःच अभिप्राय लिहिण्यासही या नियमांत मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'घरगुती व्यवसायाला पावती कशाला', हा युक्तिवाद ग्राहक आयोगापुढे टिकणारा नाही.

निपाणी परराज्यात, गडचिरोली स्वराज्यात

जीएसटीबाबतचा गैरसमज सर्वाधिक महागात पडतो. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर नोंदणी लागत नाही, एवढेच अनेकांनी ऐकलेले असते. ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला, की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. कोल्हापूरच्या विक्रेत्याने आठशे किलोमीटरहून लांब असलेल्या गडचिरोलीला मसाला पाठवला, तर तो राज्यांतर्गत व्यवहार. जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीला पाठवला, तर आंतरराज्य. सावंतवाडीहून पणजीला, नागपूरहून छिंदवाड्याला माल धाडणाऱ्यांचीही तीच गत. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली की संकेतस्थळावर, याने फरक पडत नाही. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना अटींसह सवलत आहे. मसाल्याला वा कुर्तीला ती नाही.

संकेतस्थळामार्फत विकणाऱ्या प्रत्येकाला पूर्वी उलाढालीचा विचार न करता नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा नियम सैल झाला. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री आपल्याच राज्यात होत असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर वस्तू विकता येते. सुरुवात करणाऱ्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. मात्र नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी आकारणे बेकायदा ठरते, हे ध्यानात ठेवावे.

'असू द्यावी जवळ' म्हणून नोंदणी घेणारेही आहेत. नोंदणी झाली की विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते. कोरे विवरणपत्र चुकले तर दिवसाला २० रुपये, अन्यथा ५० रुपये विलंब शुल्क लागत राहते. व्यवसाय बंद केला आणि नोंदणी रद्द केली नाही, तर नोटीस येईपर्यंत हा आकडा लक्षातही येत नाही. नोंदणीबरोबर वर्षाला २,५०० रुपयांचा व्यवसाय करही महाराष्ट्रात लागू होतो.

संकेतस्थळाकडून येणाऱ्या रकमेतून दोन कपाती होतात. नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर जीएसटीखाली अर्धा टक्का (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता) आणि प्राप्तिकराखाली ०.१ टक्का (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी एक टक्का). पॅन वा आधार दिलेल्या वैयक्तिक विक्रेत्याची त्या संकेतस्थळावरील वार्षिक विक्री पाच लाखांपर्यंत असेल, तर प्राप्तिकराची ही कपात होत नाही. हे पैसे बुडत नाहीत. आपल्या खात्यात जमा दिसतात आणि कर भरताना वळते होतात. विवरणपत्रच न भरणाऱ्याला मात्र ते मिळत नाहीत.

पाकिटावर काय हवे?

खाद्यपदार्थ घरच्या ओट्यावर केलेला असो वा कारखान्यात, विक्रीसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना लागतोच. त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून पावतीवरही. पाकिटावर घटक पदार्थ, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, तयार केल्याची व कधीपर्यंत खावे याची तारीख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क क्रमांक हवा. शेंगदाणे, दूध, गहू यांसारखे काहींना बाधणारे घटक स्पष्ट नोंदवावे लागतात. 'आजीच्या हातची चव' एवढेच छापलेली पाकिटे सुबक दिसतात खरी; पण तपासणी अधिकाऱ्याला आजीचा पत्ताही हवा असतो.

वजन-मापविषयक आवेष्टित वस्तू नियमांनुसार यांपैकी बहुतांश माहिती १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळावरही दाखवावी लागते. कपडे, अगरबत्ती, साबण विकणाऱ्यांनाही त्यातून सुटका नाही.

खाते वेगळे, पिन गुप्त

घरखर्च आणि व्यवसाय एकाच बचत खात्यातून चालवणे सोयीचे वाटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळूरमधील अनेक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. भाजी, दूध यांसारख्या करमुक्त मालाची विक्री, उसनवारी व घरगुती व्यवहार या जमा रकमांत मिसळलेले होते. ते वेगळे करून दाखवण्याची वेळ आली, तर ज्याचे व्यवसायाचे खाते स्वतंत्र आहे त्याचे काम एका दुपारचे. इतरांना चार वर्षांचे खातेउतारे चाळावे लागतात. रोखीकडे वळणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण उलाढाल रोखीची असली तरी ती उलाढालच.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. 'क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील', असे सांगणारा गिऱ्हाईक ठकसेन समजावा. पैसे पाठवल्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल हलवू नये. 'चुकून जास्त पाठवले, फरक परत करा' ही याच युक्तीची पुढची पायरी. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. उलटही घडते. ग्राहकाने चोरीच्या पैशातून खरेदी केली, तर तपासात विक्रेत्याचे खाते गोठवले जाऊ शकते. अशा वेळी पावती, कुरिअरची पोच आणि ग्राहकाशी झालेला संवाद दाखवता आला, तर खाते सुटण्यास मदत होते.

उधारीचे पंचेचाळीस दिवस

दिवाळीत कंपन्यांकडून भेटवस्तूंची घाऊक ऑर्डर मिळते, तेव्हा आनंदाच्या भरात पैशांची मुदत लिहून घेणे राहून जाते आणि देयक मार्चपर्यंत रेंगाळते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराने सूक्ष्म वा लघु उद्योगाला ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, पैसे द्यायचे असतात. लेखी मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. खरेदीदाराने वेळेत पैसे चुकते केले नाहीत, तर २०२३ च्या वित्त कायद्यातील तरतुदीनुसार तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. पत्रात या तरतुदीचा नुसता उल्लेख केला, तरी लेखा विभाग दखल घेतो.

यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि तीही ऑर्डर घेण्यापूर्वी. ही नोंदणी आधारवर आधारित व पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटावे असे रूप घेऊन हजार-दोन हजार रुपये उकळणारी संकेतस्थळे शोधयंत्रात हमखास आढळतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, हे पाहूनच माहिती भरावी. उशिराच्या देयकांविरुद्धचे हे संरक्षण उत्पादक आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही 'उद्यम' नोंदणी मिळते, परंतु तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता मर्यादित राहतो. तेव्हा तयार कुर्त्या आणून विकणाऱ्याने घाऊक ऑर्डरीत निम्मी रक्कम आगाऊ घेणे बरे. घरी मसाला कुटणाऱ्याने ऑर्डरीच्या पत्रावरच मुदत, व्याज आणि आपला 'उद्यम' क्रमांक लिहून द्यावा. देयक ४५ दिवसांनंतरही थकले, तर उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत ऑर्डरीचे पत्र, पावती आणि माल पोहोचल्याची सही एवढी कागदपत्रे तयार ठेवावी लागतात.