चांदीचे श्वान आणि तऱ्हाळ्याचा हत्ती

नाणें हें केवळ देवघेवीचें साधन नव्हे. तें पाडणारास कोणत्या गोष्टी मोलाच्या वाटतात, हेंही तें सांगतें. आज हौशी संग्राहकांसाठीं चांदीचीं नाणीं मुद्दाम पाडलीं जातात. चिनी पंचांगांतील श्वानवर्षानिमित्त ऑस्ट्रेलियांतील पर्थच्या टांकसाळीनें २००६ व २०१८ सालीं कुत्र्याचें चित्र असलेलीं अशीं नाणीं काढलीं. आपल्याकडे मुधोळ, राजापालयम, रामपूर व हिमालयीन या देशी श्वानांना २००५ सालीं मान मिळाला, तो टपालाच्या तिकिटांवर. मग आपल्या प्राचीन टांकसाळींनीं कोणत्या प्राण्यास मान दिला? याचें एक उत्तर वाशीम जिल्ह्याच्या मातींत सांपडलें.

१९३९ सालीं मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा या गांवीं सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा हातीं आला. हा भाग तेव्हां अकोला जिल्ह्यांत होता. वाशीम जिल्हा १९९८ सालीं वेगळा झाला. हीं नाणीं चांदीचीं नव्हेत. तांब्यांत कथील, शिसें असे धातु मिसळून केलेल्या 'पोटीन' नांवाच्या मिश्रधातूचीं आहेत. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व कडेनें ब्राह्मी अक्षरांत राजाचें नांव. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचें, 'उज्जयिनी-चिन्ह' म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह.

सातवाहनांनीं चांदीचीं नाणींही पाडलीं. १८८२ सालीं सोपाऱ्याच्या स्तूपांत भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचें असें एक नाणें मिळालें. त्यावर मात्र क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचें मुख आहे. म्हणजे चांदीवर राजा, आणि हलक्या नाण्यावर हत्ती!

तऱ्हाळ्याच्या सांठ्याचें खरें मोल अक्षरांत आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तीं वाचलीं, तेव्हां पुराणांतील वंशावळींत नसलेलीं कुंभ व कर्ण सातकर्णी हीं नांवें उजेडांत आलीं. आणि पुराणांनीं सांगितलेल्या विजय राजास नाण्याचा आधार लाभला. तांबटाच्या मुशींत हा सांठा वितळला असता, तर हे राजे कदाचित् कायमचे पुसले गेले असते.

म्हणूनच भूमींत दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावें, असें १८७८ चा कायदा सांगतो. सांठा फोडून एकेक नाणें विकणें म्हणजे पोथीचीं पानें सुटीं करून वाटणें होय. पान हातीं राहतें, कथा मात्र नाहींशी होते. सुजाण कुटुंबांनीं नाण्याचा छंद अवश्य जोपासावा. पण तें कोठें, कशासह सांपडलें, हें प्रथम विचारावें.