खंबाटकीचा चढ आणि कॉन्टेसाचा सायलेन्सर

साताऱ्याकडे जाताना खंडाळ्यानंतर (लोणावळ्याजवळचा नव्हे!) लागणारा खंबाटकीचा चढ रुबाबाला भुलत नाही. १९८४ साली आलेल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचा थाट अमेरिकी ‘मसल कार’चा, बॉनेटखाली मात्र अँबेसेडरचेच १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन. पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले, तेव्हा हे दुखणे सरले. नुसता सायलेन्सर बदलून ते सरणारे नव्हतेच. २००२ च्या सुमारास उत्पादन थांबले. कारखाना आता मूळ भाग देणार नाही, म्हणून आवाजाच्या हौसेपायी जुनी नळी कापणे हा अविचारच. बदल करायचाच, तर मॅनिफोल्डला हात न लावता, वेल्डिंगऐवजी क्लॅम्पने बसणारा, आवाजाच्या कायदेशीर मर्यादेतला सायलेन्सर निवडावा. मूळचा तेलाचा हात फिरवून माळ्यावर जपावा.