रोजची गोळी आणि रुग्णालयाची खाट : पिंगुळीच्या संदर्भात निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा इतिहास

कुडाळला लागून असलेले पिंगुळी हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. दक्षिण कोकणातील इतर गावांप्रमाणे पिंगुळीलाही दुसरी एक बाजू आहे. मुंबईत हयात घालवून साठीच्या सुमारास गावी परतणारा चाकरमानी, ही ती बाजू. त्याला जे आर्थिक निर्णय घ्यावे लागतात, त्यांत आजारपणाच्या तरतुदीचा निर्णय सर्वांत अवघड ठरतो. ही तरतूद प्रथम नोकरीशी, नंतर शहराशी आणि अखेरीस रुग्णालयातील खाटेशी बांधली गेली. रोजच्या औषधांचा खर्च मात्र बहुतांशी तिच्या बाहेरच राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्याखालील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. गिरणीतील कोकणी कामगाराला याच योजनेने दवाखाना, औषध आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय दिले. किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगारास दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये, आगाऊ भरून स्वतःसाठी व पती अथवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची सोयही पुढे नियमांत झाली. एवढ्या अल्प रकमेत औषधांसह उपचार मिळण्याची दुसरी व्यवस्था दाखविणे कठीण आहे. तथापि, हा हक्क जेथे वापरावयाचा ते दवाखाने मुख्यतः कारखान्यांच्या शहरांत होते. त्यामुळे गावी परतलेल्याचा हक्क कागदावर शिल्लक राही आणि उपचार मुंबईत. शिवाय १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर ज्यांची नोकरीच तुटली, त्यांपैकी अनेकांना वयोमानाची निवृत्ती कधी लाभलीच नाही.

केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. तिचे दवाखानेही मोठ्या शहरांपुरतेच होते. योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्तांना १ डिसेंबर १९९७ पासून दरमहा १०० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळू लागला. १ जुलै २०१७ पासून तो १,००० रुपये झाला. हा भत्ता बाह्यरुग्ण उपचारांसाठी, अर्थात प्रामुख्याने औषधांसाठी आहे. विशेष म्हणजे, तो घेऊनही रुग्णालयातील उपचारांपुरते योजनेचे कार्ड ठेवता येते. गावी स्थायिक होणाऱ्या केंद्रीय निवृत्ताला हा पर्याय सर्वाधिक उपयुक्त आहे, असे आमचे मत आहे. राज्य कर्मचाऱ्यांची स्थिती निराळी होती. १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी होते. निवृत्तांसाठी शासनाने गट विमा योजना आणली ती २०१४ मध्ये.

ज्यांच्यामागे असा कोणताही मालक नव्हता, त्यांच्यासाठी १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम पॉलिसी आली. (पिंगुळीच्या चित्रकथीकाराला तर निवृत्तीची तारीखच नसते.) या पॉलिसीची रचना खाटेभोवती होती. सर्वसाधारणपणे चोवीस तास दाखल व्हावयाचे. त्याआधीच्या ३० व नंतरच्या ६० दिवसांतील संबंधित खर्च मिळावयाचा. पूर्वीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ आणि नव्या ग्राहकाला वयाची अट, या दोन्ही गोष्टी नेमक्या निवृत्तालाच जाचक होत्या. २०११ पासून पॉलिसी बदलताना पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ गमवावा न लागण्याची सोय झाली. कंपनीच्या गट विम्यातून वैयक्तिक विम्यात जाणाऱ्यासही ती लागू आहे. परंतु त्यासाठी गट विमा संपण्यापूर्वी हालचाल करावी लागते. २०२४ मध्ये वयाची सक्तीची मर्यादा गेली आणि पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करही रद्द झाला.

दरम्यान शासनाने स्वतः खाटेची जबाबदारी उचलली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर, म्हणजे सिंधुदुर्गातही, पोहोचली. महात्मा फुले यांचे नाव तिला २०१७ मध्ये मिळाले. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करून संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण आहे. केंद्रीय आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यास मात्र दोहोंतून एक निवडावे लागते. या योजना ठरावीक उपचार व संलग्न रुग्णालये यांपुरत्याच आहेत, हेही विसरता येत नाही. सिंधुदुर्गचा रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला जात आला. तेथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यात असंतोष उसळला तो यामुळेच. पूरक विमा घेणाऱ्याने हप्त्याइतकेच कुडाळ, गोवा आणि कोल्हापूर येथील कोणती रुग्णालये कंपनीच्या यादीत आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.

राहता राहिली रक्तदाब-मधुमेहाची गोळी. ती घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही, म्हणून मेडिक्लेमच्या हिशोबात ती सहसा येत नाही. आयुष्मान भारतमध्येही घरी गेल्यानंतरची औषधे १५ दिवसांपुरतीच. या खर्चाला उतार पडला तो विम्याबाहेरून. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांतून मूळ नावाची औषधे स्वस्तात मिळू लागली, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. त्यामुळे आज पिंगुळीला परतणाऱ्याची ही औषधे विम्याच्या कागदावर नव्हे, तर शासकीय दवाखान्यातील साठ्यावर आणि जवळच्या जनऔषधी दुकानावर अवलंबून आहेत.